फोनवरचा शॉट 'घरगुती' का दिसतो, आणि पीव्हीसी पाइप त्यावर काय करू शकतो

फेब्रुवारी २०२५मध्ये 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' थिएटरांत लागला आणि यंत्रमागांच्या त्या गावाचा जुना छंद पुन्हा चर्चेत आला. नासिर शेख आणि त्यांच्या दोस्तमंडळींनी २०००च्या सुमारास 'मालेगाव के शोले' काढला, तेव्हा त्यांच्याकडे होता व्हिडिओ शूटिंगवाल्याचा कॅमेरा. पुढे मालेगावच्या चित्रपटांत सायकल ट्रॉली, म्हणजे कॅमेरा सरकवायची गाडी, झाली, बैलगाडी क्रेन झाली. या जुगाडाचं कौतुक पुष्कळ होतं. पण सायकलवर कॅमेरा बांधला की शॉट का सुधारतो, आणि कधी सुधारत नाही, हे कुणी फारसं सांगत नाही.

त्या कॅमेऱ्यातल्या व्हीएचएस टेपवर आडव्या दिशेत जेमतेम २४० रेषांचा तपशील मावायचा. आजचा मध्यम किमतीचा फोन ३८४० बाय २१६० ठिपक्यांचं चित्र घेतो. असं असूनही हौशी शॉर्ट फिल्म पहिल्या दहा सेकंदांत ओळखू येते. तपशील कमी पडतो म्हणून नाही. कॅमेरा दर क्षणाला आपलं मत बदलत असतो, आवाज लांबून आलेला असतो, आणि उजेड जिथून पडायचा तिथून पडलेला असतो. म्हणजे कुणीतरी ठरवायच्या गोष्टी कुणीच ठरवलेल्या नसतात. खाली जे काही आहे, ॲपच्या सेटिंगपासून बेअरिंगच्या नंबरापर्यंत, ते सगळं या ठरवण्याबद्दल आहे.

कॅमेरा फार हुशार आहे, हीच अडचण

ग्राहकांसाठीचा कॅमेरा वाढदिवसासाठी बनवलेला असतो. केक कापणाऱ्याकडे रोखला की चित्र नीट आलं पाहिजे, धरणाऱ्याला डोकं लावावं लागू नये. म्हणून उजेड, रंग आणि फोकस तो सतत स्वतः जुळवतो. सिनेमातलं तीन मिनिटांचं दृश्य मात्र वीस-पंचवीस शॉट्सचं असतं, आणि ते चार-पाच तासांत तुकड्या-तुकड्याने टिपलेलं असतं. पाहणाऱ्याला ते सलग तीन मिनिटं वाटलं पाहिजे. पांढरा सदरा घातलेला नट फ्रेममध्ये आला, फोनने उजेड कमी केला, मागची भिंत काळवंडली. तो बाहेर गेला, भिंत पुन्हा उजळली. ही उघडझाप नकळत सांगते की हे फोनवरचं आहे.

उपाय फुकट आहे. अँड्रॉइडवर 'ओपन कॅमेरा', आणि आयफोन तसंच बऱ्याच अँड्रॉइड फोनवर 'ब्लॅकमॅजिक कॅमेरा' ही ॲप्स सगळे निर्णय हातात देतात. शॉटआधी चार गोष्टी कुलूपबंद करायच्या. पहिली शटर, म्हणजे एका फ्रेमसाठी सेन्सरवर (चित्र टिपणाऱ्या चिपवर) किती वेळ उजेड पडणार. दुसरी आयएसओ, म्हणजे मिळालेला उजेड किती वाढवून दाखवायचा. हा आकडा शक्य तितका खाली ठेवायचा, वाढवला की सावल्यांत दाणे दिसतात. तिसरी व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणत्या रंगाच्या उजेडाला कॅमेऱ्याने 'पांढरा' मानायचं. तो केल्विनमध्ये मोजतात: दिवसाचं ऊन सुमारे ५६००, घरातला पिवळा बल्ब २७०० ते ३०००, पांढरीफेक ट्यूब ६५००च्या आसपास. चौथी फोकस.

याखेरीज व्हिडिओचा एचडीआर, 'ब्युटी' आणि आपोआप लेन्स बदलणारा मॅक्रो मोड हे सगळं बंद. फोन स्टँडवर असेल तर इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरणही बंद करावं. नाहीतर कॅमेरा हळूच डावीकडून उजवीकडे फिरवताना चित्र आधी अडतं आणि मग अचानक घसरतं. पडद्यावर दोन बोटं फाकवून झूम करायचा नाही, तो चित्र नुसतं कापून मोठं करतो. जवळचं हवं तर पाय उचलून जवळ जायचं.

दृश्याची चारही मूल्यं कागदावर लिहून ठेवावीत. आठवड्याने राहिलेला एक शॉट घ्यायला गेल्यावर त्या कागदाची किंमत कळते.

२४, २५ की ३०? आणि ट्यूबलाइटच्या पट्ट्या

सिनेमाची सेकंदाला २४ फ्रेमची सवय बोलपट आल्यापासूनची, १९२०च्या दशकाच्या अखेरची. आपल्याकडे टीव्हीचा हिशेब २५चा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. फोन मात्र बहुधा ३०वर सेट होऊन येतो. तीस फ्रेमचं चित्र गुळगुळीत दिसतं, बातम्यांसारखं. कथेला तो गुळगुळीतपणा बहुतेकदा मारक ठरतो.

शटरचा जुना दंडक असा की ते फ्रेमच्या कालावधीच्या निम्मं असावं. २४ किंवा २५ फ्रेमला १/५० सेकंद. हलत्या हाताला जो किंचित पुसटपणा येतो, तो डोळ्याला ओळखीचा असतो. शटर १/१००० केलं की प्रत्येक फ्रेम कोरून काढल्यासारखी धारदार येते आणि हालचाल तुटक भासते.

भारतात १/५०चा आणखी एक फायदा आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर चोकची ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर उघडं राहण्याचा वेळ १/१००च्या पूर्ण पटीत असेल, म्हणजे १/१०० किंवा १/५०, तर प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो. १/६० ठेवलं की हिशेब बिनसतो आणि चित्रावरून काळसर पट्ट्या सरकू लागतात. परदेशातल्या ट्युटोरियलमध्ये १/६० ऐकून आपल्याकडे पस्तावणारे पुष्कळ आहेत. अमेरिकेची वीज ६० हर्ट्झची आहे.

पण उन्हात १/५० ठेवलं तर सगळं पांढरं होतं

होणारच. फोनच्या मुख्य लेन्सचं तोंड, म्हणजे अॅपर्चर, बहुतेक फोनमध्ये कायम उघडं असतं, एफ १.८च्या आसपास (हा आकडा लहान, तितकं तोंड मोठं). भर दुपारी आयएसओ ५०वर योग्य चित्रासाठी शटर सुमारे १/४००० लागतं. ते १/५०वर आणायचं तर उजेड साधारण ८० पट कमी करायला हवा. त्यासाठी लेन्सपुढे करडी काच लावतात. तिला एनडी फिल्टर म्हणतात. एनडी ६४ म्हणजे ६४ पट कमी, आणि इथे तीच लागते.

घरगुती पर्याय दोन, आणि दोन्ही अर्धवट. पोलराइज्ड गॉगलच्या दोन काचा एकीवर एक ठेवून एक फिरवली की उजेड कमी-जास्त होतो. काच खरोखर पोलराइज्ड आहे का हे पाहायचं असेल तर ती लॅपटॉपच्या पडद्यासमोर धरून फिरवावी. एका कोनात पडदा काळा झाला पाहिजे. फार फिरवली की रंग निळा-जांभळा होतो आणि उजेड ठिकठिकाणी असमान पडतो. दुसरा पर्याय वेल्डिंगची काच. ५ नंबरची काच उजेड ५० पटींच्या आसपास कमी करते, म्हणजे आपल्या कामाची. पण ती चित्र गडद हिरवं करते, आणि तो हिरवा रंग नंतर काढताना चेहऱ्याची कातडी मातकट होते. आर्क वेल्डिंगची १० किंवा ११ नंबरची काच तर उजेड हजारो पटींनी कमी करते, तिच्यातून सूर्य सोडून काही दिसत नाही. इथे जुगाड सोडून फिल्टर विकत घेणं बरं. नाहीतर सकाळी नऊच्या आत आणि साडेचारनंतर, सावलीत शूट करायचं. शहाणी मंडळी तसंही तेच करतात.

पैसे आधी आवाजावर

चित्र थोडं कच्चं असलं तर प्रेक्षक 'स्टाइल' म्हणून चालवून घेतो. संवाद कळला नाही तर उठून जातो. तरी हातात थोडे पैसे आले की ते लेन्सवर उडतात, हे दर वर्षी शॉर्ट फिल्म महोत्सवांत बसून ऐकता येतं.

कारण अंतर. मोकळ्या जागी माईकचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने खाली येतो. कॅमेऱ्यावरचा माईक नटापासून आठ फुटांवर असतो. तोच एका फुटावर आणला तर १८ डेसिबलचा फरक पडतो. आवाज नंतर वाढवता येतो की, असं वाटेल. येतो, पण खोलीचा घुमारा, पंख्याची घरघर आणि रस्त्यावरची रिक्षासुद्धा तेवढीच वाढते. एका फुटावर मात्र आवाज वाढतो आणि घुमारा होता तेवढाच राहतो. विहिरीतून बोलल्यासारखा आवाज येतो, तो माईक स्वस्त आहे म्हणून नाही, लांब आहे म्हणून.

सगळ्यात कमी खर्चाची सोय म्हणजे वायरचा कॉलर माईक आणि दुसरा एखादा जुना फोन. फोन नटाच्या खिशात, एरोप्लेन मोडवर, ध्वनिमुद्रणाचं ॲप ४८ किलोहर्ट्झ आणि डब्ल्यूएव्ही फॉरमॅटवर. नेहमीचं बोलणं मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास यावं. ओरडायचा प्रसंग असेल तर आधी तालीम घेऊन पातळी आणखी खाली आणावी, कारण शून्याला आपटलेला आवाज फाटतो आणि तो परत सांधता येत नाही. माईक हनुवटीखाली वीतभर. कपड्याची खसखस येते म्हणून माईकच्या मागेपुढे औषधाच्या दुकानातली मायक्रोपोर टेप त्रिकोणी घडी करून लावायची, आणि वायरला आत एक सैल गाठ ठेवायची, म्हणजे ओढ माईकपर्यंत पोचत नाही.

पिनचा घोळ इथेच होतो. फोनच्या माईकच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याच्या माईकच्या पिनवर दोन. फोनचा माईक थेट डीएसएलआरमध्ये, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या फोटोच्या कॅमेऱ्यात, खुपसला तर आवाज येत नाही किंवा अगदी क्षीण येतो. माईक बिघडलेला नसतो. मधे बदलणारा तुकडा लावावा लागतो.

माईक दिसू द्यायचा नसेल तर बूम, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला लटकवलेला माईक. रंगाऱ्याच्या रोलरचा लांबवता येणारा दांडा घ्यावा. तीन इंची पीव्हीसी पाइपाची दोन इंच रुंद चकती कापायची, तिला चार भोकं पाडून रबरबँड आडवेतिडवे ताणायचे आणि माईक त्या जाळ्यात लटकवायचा, म्हणजे हाताची थरथर त्याच्यापर्यंत जात नाही. दांड्याचे सांधे कटकट वाजतात, त्यांवर टेप गुंडाळावी. वायर लोंबती ठेवली तर ती दांड्यावर आपटते. ती घट्ट वळसे देत न्यावी.

खोली घुमत असेल तर गोधड्या. फरशीवर सतरंजी, आणि नट ज्या भिंतीकडे तोंड करून बोलतो तिच्यावर, म्हणजे बहुधा कॅमेऱ्यामागे, दोन-तीन जाड गोधड्या टांगायच्या. पातळ पडद्याने काही होत नाही, कापडात जाडी लागते. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली आत ठेवावी; निघताना फ्रिज चालू करायचं आठवतं. आणि प्रत्येक जागी कुणीही न बोलता एक मिनिट नुसती शांतता मुद्रित करून घ्यावी. एडिटिंगमध्ये संवादांमधल्या फटी तिनेच बुजवतात. पूर्ण नि:शब्द फट कानाला खड्ड्यासारखी लागते.

वेगळा घेतलेला आवाज चित्राशी जुळवायला क्लॅप. नुसती टाळीही चालते, फक्त दोन्ही तळवे कॅमेऱ्याला दिसले पाहिजेत. तळवे भिडलेली फ्रेम आणि आवाजाच्या आलेखातलं टोक एका रेषेत आणायचं. २५ फ्रेमला एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. दोन-तीन फ्रेमचा फरक पडला तरी ओठ आणि शब्द वेगळे वाटायला लागतात.

सुरुवातीला जुळलेला आवाज शॉटच्या शेवटी सुटत असेल तर दोष बहुधा फोनचा. बरेच फोन ठरलेल्या २५ फ्रेम कधी २४.८, कधी २५.१ अशा घेतात. एडिटिंगपूर्वी 'हँडब्रेक' या मोफत सॉफ्टवेअरमधून फाइल कायम फ्रेम रेटमध्ये बदलून घ्यावी. हे काम एडिट अर्धा झाल्यावर केलं तर सगळे कट हलतात.

'आता एआय आवाज साफ करतो ना?'

करतो. पंख्याची एकसुरी घरघर आजची साधनं छान काढतात. पण घुमारा हा नटाच्याच आवाजाचा पडसाद असतो. तो ओरबाडून काढला की आवाज यंत्रातून आल्यासारखा होतो आणि शब्दांची शेवटची अक्षरं जातात. साफसफाई ही चांगल्या मुद्रणाला हात फिरवण्यापुरती ठीक.

बल्ब किती वॅटचा, यापेक्षा उजेड केवढा

सावलीची कड कशाने ठरते? चेहऱ्यावरून पाहिलं तर उजेडाचा स्रोत केवढा दिसतो, यावर. सूर्य अवाढव्य आहे, पण आकाशात अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणून उन्हातली सावली कडक. ढग आले की अख्खं आकाश स्रोत होतं आणि डोळ्यांखालचे खड्डे नाहीसे होतात. उघडा बल्ब छोटा, म्हणून क्रूर. त्याच बल्बपुढे तीन फूट बाय तीन फूट पांढरं कापड ताणलं की चेहऱ्यासाठी ते कापडच दिवा होतं. आपल्याकडे सेटवर या चौकटीला स्किमर म्हणतात.

पाऊण इंची पीव्हीसी पाइप वीस फुटी लांबीत मिळतो. बारा फुटांची चौकट आणि चार एल्बो. उरलेल्या आठ फुटांत उभं करायचे पाय. सांधे चिकटवायचे नाहीत, म्हणजे सुटे करून पिशवीत घालता येतात. कापड पांढरंशुभ्र हवं. कोरं मांजरपाट पिवळसर असतं आणि तो पिवळेपणा गालावर येतो. ऑफिसच्या काळ्या चिमट्यांनी कापड ताणून लावायचं. चौकट नटापासून दोन-तीन फुटांवर, फ्रेमच्या अगदी बाहेर. दिवा तिच्यामागे इतक्या अंतरावर की सगळं कापड उजळेल. दिवा फार जवळ आला की मधोमध तेजस्वी डाग पडतो, आणि मग तो डागच पुन्हा छोटा स्रोत होतो. मैदानात वाऱ्याने चौकट उडते, तिथे एक माणूस धरायला लागतोच.

अंतराचा नियम इथेही आहे, आवाजाहून ठळकपणे दिसणारा. बिंदूएवढ्या दिव्याचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. मोठ्या कापडाचा थोडा सावकाश पडतो, पण पडतो. त्यामुळे दिवा चेहऱ्याजवळ आणला तर चेहरा उजळतो आणि मागची भिंत आपोआप अंधारात जाते. छोट्या खोलीत सिनेमा दिसतो तो यामुळे. नवखी मंडळी उलट करतात, दिवा कोपऱ्यात उंच लावून सगळी खोली सारखी उजळतात, आणि मग ती खोली तलाठी कार्यालयासारखी दिसते.

दुसऱ्या बाजूची सावली फार गडद असेल तर पांढरा थर्माकोल किंवा फोम बोर्ड. टीव्हीच्या खोक्यातला तुकडाही चालतो. सावली कमी वाटत असेल तर त्याच जागी काळी घोंगडी टांगायची. पांढऱ्या भिंतींच्या घरात उजेड सगळीकडून परत येतो, त्याला गिळायला काहीतरी लागतं, आणि घोंगडीइतकं चांगलं गिळणारं दुसरं कापड घरात नसतं.

एलईडी बल्ब घेताना खोक्यावर सीआरआय पाहावा. उजेडाखाली रंग किती खरे दिसतात याचं ते माप, कमाल १००. साधा बल्ब ८०च्या आसपास असतो आणि नेमका लाल रंग दाखवण्यात कमी पडतो. कातडीत लाल भरपूर असतो, म्हणून चेहरे आजारी दिसतात. ९० किंवा अधिक घ्यावा. सगळे बल्ब एकाच केल्विनचे हवेत. एका गालावर ६५००ची ट्यूब आणि दुसऱ्यावर ३०००चा बल्ब असेल तर कोणताही व्हाइट बॅलन्स दोघांचं समाधान करू शकत नाही. एलईडी मंद करायला पंख्याचा रेग्युलेटर लावू नये, चित्र लुकलुकतं. एक बल्ब कमी करावा किंवा दिवा मागे न्यावा.

मंडपवाल्याकडचा १००० वॅटचा हॅलोजन वापरायचा मोह होतो. तो २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो आणि घरातला साधा सॉकेट सहा अँपिअरचा असतो. एका बोर्डावर दोन लावले की अंधार. वर तो इतका तापतो की थर्माकोल वितळतो आणि बटर पेपर पेटू शकतो. कापड-कागद निदान तीन फूट लांब, आणि बंद केल्यावरही पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही.

हलता कॅमेरा: वजन, लांबी आणि बेअरिंग

जुगाडाची खरी मजा इथे आहे, आणि फसवणूकही.

आधी बोल्ट. कॅमेऱ्याच्या पोटातलं भोक पाव इंची असतं, इंचाला २० आटे. हार्डवेअरच्या दुकानात 'पाव इंची बीएसडब्ल्यू' मागितलं की चालणारा बोल्ट मिळतो. दुकानदार ६ एमएमचा देईल आणि 'तेच आहे' म्हणेल. ते नाही. ६ एमएमचा बोल्ट ६.३५च्या भोकात सैल बसतो, त्याचे आटेही वेगळे. दोन फेरे धरल्यासारखा वाटतो आणि मग कॅमेऱ्यासकट निसटतो. शिवाय कॅमेरा ज्या पट्टीवर बसवायचा तिच्या वर बोल्ट पाचेक मिलिमीटरच बाहेर यावा. लांब बोल्ट पिळत गेलं तर तो भोकाच्या तळाला टेकून आत मोडतोड करतो. फोनला हे भोक नसतं. त्यासाठी ट्रायपॉडचा चिमटा.

सगळ्यात स्वस्त साधन या बोल्टाचंच आहे. त्याला वॉशर आणि दोन मीटर सुतळी बांधायची, सुतळीचं दुसरं टोक पायाखाली दाबायचं आणि कॅमेरा वर ओढून सुतळी ताणून धरायची. वरखाली होणारी थरथर लगेच थांबते. चालता येत नाही, पण उभ्या शॉटला पुरतं.

चालायचं असेल तर जडत्व लागतं, म्हणजे फिरवायला गेलं तर सहज न फिरण्याचा गुण. दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्याच्या हातात लांब काठी असते ती यासाठीच: तोल गेला तरी काठी सावकाश कलते, आणि सावरायला वेळ मिळतो. अमेरिकी छायालेखक गॅरेट ब्राउन यांनी १९७०च्या दशकात स्टेडिकॅम हे चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारं साधन बनवलं त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे, कॅमेरा एका टोकाला आणि वजन दुसऱ्या टोकाला लांब नेऊन ठेवणं. आकडेमोड महत्त्वाची: वजन दुप्पट केलं तर जडत्व दुप्पट होतं, अंतर दुप्पट केलं तर चौपट. म्हणून जड पाइपापेक्षा लांब पाइप बरा.

अर्धा इंची लोखंडी पाइप, दोन फूट. वर कॅमेऱ्याची पट्टी, खाली किलोभर वजनाच्या लोखंडी चकत्या. पाइप बोटावर आडवा तोलून समतोलाचा बिंदू शोधायचा आणि मूठ त्याच्या किंचित वर, एक-दोन सेंटिमीटर, कॅमेऱ्याच्या बाजूला बसवायची. मग पाइप आडवा धरून सोडून द्यायचा. तो दोन-तीन सेकंदांत उभा झाला पाहिजे. झटक्यात उभा झाला तर खालचं वजन जास्त आहे, आणि चालणं थांबवल्यावर तो घड्याळाच्या लंबकासारखा झुलत राहील. उभाच झाला नाही तर वरचं जास्त. नुसता फोन लावला तर दोनशे ग्रॅमला जडत्व येत नाही; फोनखालीही एक लोखंडी पट्टी जोडून वजन वाढवावं, हे ऐकायला उफराटं वाटलं तरी.

ट्रॉली जरा मोठं काम. एकोणीस मिलिमीटरचा प्लाय, अडीच फूट बाय अडीच फूट. दोन इंची लोखंडी अँगलचे सहा-सहा इंचांचे चार तुकडे, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन स्केटिंगची चाकं, म्हणजे एकूण सोळा. या चाकांत ६०८ नंबरचं बेअरिंग असतं, आतलं भोक ८ मिलिमीटर, म्हणून बोल्ट ८ एमएमचे. एका बाजूची भोकं दुसऱ्या बाजूच्या भोकांसमोर पाडू नयेत, बोल्टची टोकं आत एकमेकांना भिडतात. बोटभर पुढेमागे पाडावीत. अँगल उलट्या 'व्ही'सारखा पाइपावर बसतो आणि चाकं पाइपाला दोन्हीकडून कवेत घेतात. रूळ म्हणून दीड इंची जाड पीव्हीसीचे दहा फुटी दोन पाइप. चाकांऐवजी नुसती बेअरिंग लावली तरी गाडी पळते, पण लोखंड पीव्हीसीवर खरखरतं आणि तो आवाज माईकमध्ये जातो.

हे बिघडतं ते ठरलेल्या जागी. पाइप जमिनीला पूर्ण टेकलेला नसेल तर ट्रॉली मधे आल्यावर तो लवतो आणि चित्रात उसळी येते. दर दोन फुटांवर पुठ्ठ्याच्या पाचरी सारायच्या. दोन्ही पाइप आडव्या पट्ट्यांनी घट्ट बांधायचा मोह टाळावा, नेमके समांतर ते कधीच बसत नाहीत आणि गाडी अडकते. एक पाइप मोकळा ठेवला की तो आपलं अंतर शोधतो. उन्हात पीव्हीसी वाकतो, रूळ सावलीत ठेवावेत. दोन पाइप जोडून वीस फूट केले तर सांध्यावर हमखास ठेच लागते. आत घट्ट बसणारा लाकडी दांडा घातला तर ती कमी होते, जात नाही. सुरुवातीचा आणि शेवटचा अर्धा सेकंद नेहमी धक्क्याचा असतो, तो कापायचाच असं धरून ट्रॉली संवादाच्या आधी हलवावी.

हे सगळं नको असेल तर व्हीलचेअर, टायरमधली हवा थोडी कमी करून. किंवा सायकल. गुळगुळीत सिमेंटवर दोन्ही उत्तम. खडीच्या रस्त्यावर मात्र कशाचाच उपयोग नाही.

'गिंबल मिळतो की आता, मग पाइप कशाला?'

गिंबल, म्हणजे मोटरींनी कॅमेरा स्थिर धरणारी मूठ, चांगला आहे, घ्यावा. पण तो कॅमेऱ्याचं तीन दिशांतलं फिरणं थांबवतो. चालताना अख्खं शरीर वरखाली होतं ते त्याला थांबवता येत नाही. म्हणून गिंबलच्या शॉटमध्ये दारं-खिडक्या पावलागणिक उचकी दिल्यासारख्या हलतात. गुडघे वाकवून, टाचेपासून बोटांकडे पाऊल टाकत चालायला शिकलं की उचकी कमी होते. ट्रॉलीवर तो प्रश्नच येत नाही, आणि तोच शॉट पाचव्यांदाही तसाच घेता येतो.

जुना डीएसएलआर घ्यावा का?

२००८मध्ये कॅनन ५डी मार्क २ आला आणि फोटोच्या कॅमेऱ्यात फुल एचडी व्हिडिओ मिळू लागला. धूसर पार्श्वभूमीचं वेड तिथून पसरलं. सेकंड हँडमध्ये स्वस्तात मिळतात ते एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरचे कॅमेरे. कॅननचा हा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा, सिनेमाच्या सुपर ३५ फिल्मच्या फ्रेमच्या (२४.९ बाय १८.७) बराच जवळ. फोनचा सेन्सर याच्यापुढे नखाएवढा, म्हणून फोनवर पुढचं-मागचं सगळं सारखंच स्पष्ट दिसतं.

या धूसरपणाची किंमत असते. ५० एमएमची एफ १.८ लेन्स पूर्ण उघडी ठेवून नट दोन मीटरवर बसवला तर साधारण अकरा सेंटिमीटरची पट्टीच स्पष्ट असते. तो बोलताना पुढे झुकला की डोळे गेले. लेन्सचं तोंड एफ ४पर्यंत लहान केलं की ही पट्टी दुप्पट होते, आणि फोकस ओढायला वेगळा माणूस नसेल तर तिथेच राहावं. पेंटॅक्स, झेनिट यांच्या एम४२ आट्यांच्या जुन्या लेन्स पातळ रिंग लावून कॅननवर नीट बसतात. निकॉनवर त्याच रिंगने लांबचं फोकस होत नाही, कारण निकॉनच्या तोंडापासून सेन्सरपर्यंतचं अंतर त्या लेन्सना चालण्यापेक्षा थोडं जास्त आहे. बारीक चौकड्यांचा शर्ट जुन्या डीएसएलआरपुढे नको. त्यावर रंगीत लाटा उठतात. आणि या कॅमेऱ्यात मुद्रित झालेला आवाज वापरायचा तो फक्त जुळवणीपुरता.

थिएटरात लागेल का?

लागेल. १९९८चा डॅनिश 'फेस्टन' सोनीच्या छोट्या हँडीकॅमवर झाला आणि ३५ मिलिमीटर फिल्मवर छापून जगभर दाखवला गेला. २०१५चा 'टँजरीन' आयफोन ५एसवर झाला. आपल्याकडे तिकीट लावून जाहीर खेळ करायचा तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, ते वेगळं.

थिएटरला जी फाइल लागते तिला डीसीपी म्हणतात, आणि ती 'डीसीपी-ओ-मॅटिक' या मोफत सॉफ्टवेअरने घरी बनते. प्रचलित आकार १९९८ बाय १०८०. फुल एचडीचं चित्र १९२० रुंद असतं, म्हणजे दोन्ही बाजूंना ३९ ठिपक्यांची काळी पट्टी उरते, ती कुणाला दिसत नाही. फ्रेम रेट सगळीकडे खात्रीने चालतो तो २४. म्हणून पडद्याचा विचार असेल तर पहिल्या दिवसापासून २४ आणि १/५०वर शूट करावं. २५वर केलं असेल तर ते २४च्या वेगाने चालवतात, आणि ९० मिनिटांचा सिनेमा ९३ मिनिटं ४५ सेकंदांचा होतो. आवाजाचा सूर पुन्हा वर घ्यावा लागतो. ३०वर केलेल्याला चांगला रस्ता नाही, सेकंदाला सहा फ्रेम काढून टाकाव्या लागतात आणि कॅमेरा फिरतो त्या प्रत्येक शॉटमध्ये अडखळणं दिसतं.

संवाद मधल्या चॅनेलवर, म्हणजे पडद्यामागच्या मधल्या स्पीकरवर, पाठवायला विसरू नये. दोन चॅनेलचा घरगुती मिक्स तसाच दिला तर डाव्या कोपऱ्यात बसलेल्याला सगळी पात्रं डाव्या भिंतीतून बोलताना ऐकू येतात. फाइल द्यायची हार्ड डिस्क ईएक्सटी३ फॉरमॅटमध्ये करून न्यावी, विंडोज किंवा मॅकच्या नेहमीच्या फॉरमॅटमधली डिस्क थिएटरच्या सर्व्हरला वाचता येईलच असं नाही. आणि ती आदल्या दिवशी न्यावी, कारण डिस्कवरची फाइल सर्व्हरमध्ये उतरायलाच बराच वेळ जातो.